स्वल्प अ‍ॅडजस्ट

"चूक," नंदकिशोर खुशीत म्हणाले. "अ‍ॅडजस्टमधल्या 'जस्ट'चा न्यायाशी संबंध लोकांनी मागाहून चिकटवला. मूळ लॅटिन. अर्थ काय, तर जवळ आणणं. एकाला दुसऱ्याच्या शेजारी."

"भारी आहे हे, काका. आम्ही ऑफिसात दिवसभर अ‍ॅडजस्टच करतो," शमिका म्हणाली.

स्वयंपाकघरात उल्काच्या अंगाचा तिळपापड झाला. चहा उकळून काळा पडला तरी तिचं लक्ष नव्हतं. पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेली ही पोर वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून काय आली, रोज संध्याकाळी यांच्या सोफ्यावर ठाण मांडायला लागली. बरं, पोर गोड होती, तेच तर दुखणं होतं. इंग्रजी शब्दांची कुळं शोधायचा नवऱ्याचा नाद उल्काला लग्नापासून ठाऊक. कारखान्यातून आले की कपडेही न बदलता सुरू व्हायचे. पुढे कधीतरी तोंडाला कुलूप लागलं, ते लागलंच. आणि आता बघा, नुसता धबधबा! राजाजीनगरात अख्खा जन्म हिनं अ‍ॅडजस्ट करण्यात घालवला, आधी सासूशी, मग टँकरच्या पाण्याशी. अर्थ मात्र त्या पोरीला सांगायचा. जळफळाट होणार नाही तर काय होईल?

कप आदळत ती बाहेर आली. "आम्हाला नाही कधी सांगितलंत हे."

"सांगितलं होतं की," नंदकिशोर म्हणाले. "लग्न नवं होतं. बसमध्ये एक अज्जी जागा मागत तुला कानडीत म्हणाली, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी. तू सरकलीस, मला खेटून बसलीस. तेव्हाच सांगितलं."

"मग मी काय म्हणाले?"

"म्हणालीस, उतरल्यावर कोथिंबीर घ्यायचीय, आठवण करा."

शमिका खुदकन हसली. उल्काला हसू आलं नाही. तिला बस आठवली, अज्जी आठवली, कोथिंबीरसुद्धा आठवली. शब्द काही केल्या आठवेना. त्यानंतरचे किती शब्द असेच कोथिंबिरीपायी गेले असतील!

ती सोफ्यापाशी गेली. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," शमिकाला म्हणाली.

शमिका लगबगीने सरकली. उल्का मधे, नवऱ्याला खेटून बसली.

"हं, सांगा. पुढे?"

नंदकिशोरांनी चहाचा कप उचलला. "पुढे काही नाही. एवढंच होतं."

उल्का तरी उठली नाही.