जैनुद्दीनची जबानी

मस्कतजवळच्या त्या विद्यापीठातल्या ग्रंथालयशास्त्र विभागात मराठी बोलणारी माणसं दोनच होती. एक प्रिसिला, मूळची वसईची, विभागाच्या ऑफिसात असिस्टंट. दुसरा जैनुद्दीन, दापोलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा, सफाईच्या कंत्राटावर आलेला. सकाळी फरशी पुसत तो तिच्या टेबलापाशी आला की विचारायचा, "काय प्रिसिलाबाय, काल काय कालवण केलंव?" ती सुरमई म्हणो की कोलंबी, तो मान हलवायचा, "हितल्या माशाला आपल्याकडची चव नाय." बोलणं एवढंच. पण दिवसभर इंग्रजी आणि मोडकंतोडकं अरबी बोलून जीभ आंबून गेलेल्या प्रिसिलाला ते बरं वाटायचं.

ही गोष्ट १९९८ सालची. विभागाने त्या वर्षी ग्रंथालय सप्ताह मोठ्या हौसेने केला. व्याख्यानं झाली, शाळेच्या मुलांसाठी पुस्तकबांधणीचा वर्ग झाला, आणि विद्यार्थिनींनी आपापल्या घरची जुनी हस्तलिखितं आणून प्रदर्शन मांडलं. त्यात जवळच्याच बरका गावच्या सफियाची वही सगळ्यांत लक्ष वेधून घेत होती. सफिया शेवटच्या वर्षाला होती. तिचे पणजोबा नाखवा होते, गलबत घेऊन पार हिंदुस्तानच्या किनाऱ्यापर्यंत जात. तारे, वारे, बंदरं, खडक, सगळं त्यांनी आपल्या हाताने त्या वहीत उतरवून ठेवलं होतं. सफियाने एक पान उलगडून प्रिसिलाला दाखवलं. "हे बघा, हे तुमचं गाव. किल्ला दिसला की उजवीकडे ठेवायचा, असं लिहिलंय." वसईच्या किल्ल्याचं ते बोटाएवढं चित्र बघून प्रिसिलाच्या अंगावर काटा आला होता.

प्रदर्शन बुधवारी संपलं. गुरुवार-शुक्रवार सुट्टी. बाकीच्या मुलींनी आपल्या वस्तू नेल्या, पण सफियाचा भाऊ गाडी घेऊन शनिवारी येणार होता. कुलपाच्या कपाटाची किल्ली वरच्या मजल्यावर होती, आणि प्रिसिलाला मुलाच्या, अ‍ॅलनच्या शाळेत वेळेवर पोचायचं होतं. दोन दिवसांचा तर प्रश्न, म्हणून तिने कापडात गुंडाळलेली ती वही एका रिकाम्या खोक्यात ठेवली आणि खोकं टेबलाखाली सरकवलं.

शनिवारी सकाळी ती विभागाच्या वार्तापत्रासाठी सप्ताहाची बातमी टाइप करत बसली होती. वर्षातून एकदा निघणारं हे वार्तापत्र म्हणजे तिचा अभिमान. कोण पदवीधर झाली, कोणाला कुठे नोकरी लागली, कुठली कार्यशाळा झाली, सगळं तिच्या हातून जायचं. विभागाची यादी नुकतीच कॉम्प्युटरवर गेल्यामुळे कॅटलॉगची जुनी कार्डं टाकून द्यायची होती. त्यांची खोकी जैनुद्दीन बाहेर नेत होता. तो दारात थांबला.

"बाय, टेबलाखालचा पण न्यायचा?"

प्रिसिलाने पडद्यावरची नजर काढली नाही. "सगळं ने रे. खलास कर एकदाचं."

दुपारी बाराला सफिया हसत आली आणि तिने वही मागितली. प्रिसिला टेबलाखाली वाकली. तिथे नुसती फरशी होती, लख्ख पुसलेली.

कचऱ्याची गाडी दहालाच गेली होती. जैनुद्दीनला कळलं तसा तो कुणी सांगायची वाट न बघता दुसऱ्या गाडीत बसून थेट कचरा डेपोवर गेला. एप्रिलचं ऊन डोक्यावर. संध्याकाळी पाचला परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर पत्र्याने कापल्याच्या रेघा होत्या आणि मुठीत कॅटलॉगची दहा-बारा कार्डं होती. "एवढीच गावली," तो म्हणाला. "वरनं मशीन फिरवलेली. बाकी काय नाय."

विभागप्रमुख सुदानी गृहस्थ होते. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी जैनुद्दीनला खोलीत बोलावलं आणि प्रिसिलालाही. "याचं अरबी कामापुरतं आहे," ते तिला इंग्रजीत म्हणाले. "आणि प्रकरण गंभीर आहे. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्या आणि तुम्ही मला सांगा. माणसाची बाजू ऐकल्याशिवाय मी काही करणार नाही."

जैनुद्दीन तिच्याकडे बघून बोलला. घाबरलेला नव्हता. "बाय, डॉक्टरना सांगा, मी विचारलेलं. टेबलाखालचा पण न्यायचा का, म्हणून विचारलेलं. तुम्ही म्हणालंव, सगळं ने. मग मी नेलं. आत काय हाय ते मला काय ठाव?"

डॉक्टर वाट बघत होते.

तिचा नवरा लॉरेन्स ज्या हॉटेलात कामाला होता, ते बंद पडून तेव्हा दोन महिने झाले होते. घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. पण हे सगळं तिने नंतर स्वतःला समजावलेलं. त्या क्षणी असलं काही मनात आलं नव्हतं. त्या क्षणी तोंडातून वाक्य गेलं, बस्स. "तो म्हणतो, त्याची समजण्यात चूक झाली."

"म्हणजे त्याने विचारलं नाही?"

"नाही सर."

डॉक्टरांनी मान हलवली, दुःखाने. जैनुद्दीननेही मान हलवली. त्याला वाटलं, आपलं म्हणणं पोचलं.

आठवड्याभरात कंत्राटी कंपनीने त्याचा व्हिसा रद्द केला. जायच्या आदल्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून ऑफिसात आला. प्रिसिला खुर्चीतून उठली.

"बाय, तुम्ही माझ्या बाजूनं बोललंव, ते मी इसरायचा नाय," तो म्हणाला. "त्या डॉक्टरनंच ऐकलं नाय. माझं नशीब, दुसरं काय?"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तो फाटकाबाहेर जाईपर्यंत वेळ होता, संध्याकाळपर्यंत वेळ होता, विमान उडेपर्यंत वेळ होता. ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

पुढे डॉक्टर तिला घेऊन बरक्याला सफियाच्या घरी माफी मागायला गेले. म्हातारे आजोबा चटईवर बसले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने प्रिसिलाच्या पेल्यात काहवा, बिनदुधाची अरबी कॉफी, ओतला, खजुराची परात पुढे सरकवली. म्हणाले, "ज्याच्या हातून झालं त्याने मुद्दाम केलं नसेल. त्याला अल्ला माफ करो." प्रिसिला काहवा प्यायली.

वर्षं गेली. लॉरेन्सला दुसऱ्या हॉटेलात काम लागलं, मुलं मोठी झाली. रविवारी संध्याकाळी मस्कतमधल्या रुवीच्या चर्चमध्ये ती कबुलीजबाबाच्या रांगेत उभी राहायची, आणि आत गेल्यावर रागावले, खोटं बोलले, असं मोघम काहीतरी सांगून बाहेर पडायची. 'खोटं बोलले' या दोन शब्दांत एक माणूस बसवून टाकायचा, ही युक्ती तिला जमली होती. फरशी पुसायला दर दोन वर्षांनी नवा माणूस यायचा. तिने त्यांतल्या कुणाशी ओळख वाढवली नाही.

२००६ साली सफिया विलायतेतून डॉक्टरेट घेऊन परत आली, त्याच विभागात शिकवायला. त्या वर्षी वार्तापत्राचा विशेष अंक निघायचा होता. सफियाने पणजोबांच्या वहीवर लेख लिहिला आणि टाइप करायला प्रिसिलाकडे दिला. लेख सुंदर होता. आजोबा आता हयात नव्हते. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या वाऱ्यांची नावं, बंदरांच्या खुणा, जेवढं आठवलं तेवढं तिने त्यात मांडलं होतं. आणि तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: एका सफाई कामगाराच्या बेफिकिरीमुळे ही वही कायमची नष्ट झाली.

प्रिसिलाने ते वाक्य टाइप करायला बोटं ठेवली, आणि ती हलेनात. तिने चहा घेतला, पुन्हा बसली. अर्धं टाइप केलं, खोडलं. शेवटी कागद उचलून ती सफियाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सगळं सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आठ वर्षं जे एवढं मोठं झालं होतं, ते सांगताना एवढंसं होतं.

सफियाने कागद घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "माझे वडील त्या माणसाला शिव्या द्यायचे. आजोबा त्यांना गप्प करायचे. तुम्ही आमच्या घरी बसून काहवा प्यायलात."

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"हो."

"मग ते वाक्य काढायला माझी परवानगी मागताय?"

"नाही," प्रिसिला म्हणाली. "बदलायला."

सफियाने कागद परत तिच्या हातात दिला. "तुमचं नाव घाला. त्याचंही घाला. त्याने विचारलं होतं, तेही लिहा. आणि हे मला सांगून तुमची सुटका नाही, मिस प्रिसिला. वही माझी होती, पण नोकरी त्याची गेली."

अंक निघाला. नव्या विभागप्रमुखांनी तिला लेखी ताकीद दिली आणि वार्तापत्राचं काम काढून घेतलं. घरी तिने लॉरेन्सला सांगितलं तेव्हा तो हातातला घास तसाच धरून बसला. "एवढी वर्षं माझ्या शेजारी झोपतेस, आणि मला पत्ता नाही," एवढंच म्हणाला. दोन दिवस नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, "त्याला शोधायचं ना?"

मस्कतच्या जुन्या मत्रह बाजारात भिकाजी म्हणून एक दाभोळचा माणूस कापडाच्या दुकानात कामाला होता. कोकणातल्या माणसांची खबर त्याच्याकडे हमखास मिळे. "जैनुद्दीन? तो तर तीन वर्षं झाली परत आला," भिकाजी म्हणाला. "सोहारला, बंदराच्या कामावर. स्टोअर सांभाळतो."

शुक्रवारी ती दोघं सोहारला गेली. वाटेत लॉरेन्सने हलव्याचा डबा घेतला. बंदराचं काम जोरात चालू होतं, जिकडेतिकडे धूळ. पत्र्याच्या शेडमध्ये जैनुद्दीन बसला होता. केस पांढरे झालेले, डोळ्यांवर चष्मा. तिला बघून तो इतका खूष झाला की तिला वाटलं, आल्या पावली परत जावं.

"प्रिसिलाबाय! अरे, चाय सांगा कुणीतरी. ह्या बायनं माझ्यासाठी डॉक्टरशी भांडण केलेलं!"

"जैनुद्दीनभाई, बसा," ती म्हणाली. "मी भांडले नव्हते."

तिने सांगितलं. लॉरेन्स बाहेर गाडीपाशी उभा होता. जैनुद्दीन ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते हळूहळू गेलं, ते बघणं जास्त कठीण होतं.

"काय सांगितलंव त्याला?" त्याने विचारलं. "जसंच्या तसं सांगा. इंग्रजीत."

तिने ते वाक्य इंग्रजीत म्हटलं, आणि विचारलं नाही का, यावर दिलेलं 'नो सर'ही.

"एवढंच?"

"एवढंच."

"कंपनीवाला म्हणाला, तू कबूल केलंस. मी म्हटलं, झूट. त्या सुदान्यानं फिरवलं असणार." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आठ वर्षं शिव्या घातल्या मी त्याला. नमाजाला बसलो की मनात यायचा. आणि तुमचं नाव घरात चांगलं घ्यायचो."

चहा आला. कुणीच प्याला नाही.

"दोन वर्षं घरी बसलो," तो पुढे म्हणाला. "का काढला, गावात काय सांगणार? लोक म्हणाले, चोरी केली असेल. वजीरा, माझी बायको, तोंडानं काय बोलली नाय. पण दोन वर्षं कुणाच्या लग्नाला गेली नाय."

प्रिसिलाने पिशवीतून वार्तापत्र काढलं. पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं, त्याचं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवलं. त्याने बघितलं आणि बाजूला सरकवलं.

"हे इंग्रजी वजीराला काय उपयोगाचं? ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलीय. मराठीत लिहा."

त्याने स्टोअरच्या वहीतला कोरा कागद फाडून दिला. प्रिसिलाने मराठी लिहून वीस वर्षं झाली असतील. ऱ्हस्व-दीर्घ आठवेना, अक्षर शाळकरी पोरीसारखं मोठं मोठं येत होतं. 'सौ. वजीराभाभींस,' असं लिहून ती थांबली, मग एका दमात लिहीत गेली. तुमचे पती निर्दोष आहेत. चूक माझी होती आणि खोटंही मीच बोलले.

त्याने कागद घेतला, ओठ हलवत वाचला. "ह्यात एक राहिलं," तो म्हणाला. "मी विचारलेलं, ते घाला. मी विचारल्याबिगर कुठली वस्तू उचलत नव्हतो. तिला ते ठाव हाय, पण लिहिलेलं असू दे."

तिने ते घातलं. खाली सही केली, पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर.

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. जैनुद्दीनने कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि उठला. तिने आल्या आल्या टेबलावर ठेवलेला हलव्याचा डबा त्याने तिच्याकडे परत सरकवला. "हा न्या. पोरांना होईल."

"जैनुद्दीनभाई, मला..."

"नको बाय," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आज नको. मला आधी ह्याची सवय होऊ दे."

तो ट्रककडे गेला. माल उतरवणाऱ्यांना त्याने एकदा ओरडून काहीतरी सांगितलं, मग हातातल्या यादीवर खुणा करू लागला. मागे वळून बघितलं नाही.

पत्र पोचलं, हे तिला पुढे भिकाजीकडून कळलं. वजीराने ते आधी स्वतः वाचलं, मग शेजारच्या मास्तरणीकडून जमलेल्या बायांसमोर मोठ्याने वाचून घेतलं म्हणे. प्रिसिलाला उत्तर आलं नाही, आणि तिने वाटही बघितली नाही. विभागात ती आणखी तीन वर्षं होती. सफिया तिच्याशी कामापुरतं, पण नीट बोलायची. एकदा ईदच्या आधी मत्रहच्या गर्दीत जैनुद्दीन समोरून आला, हातात मुलीसाठी घेतलेलं कापड. त्याने तिला ओळखलं. किंचित मान हलवली, आणि बाजूने निघून गेला.

प्रिसिला गर्दीत बाजूला होऊन थोडा वेळ उभी राहिली. मग लॉरेन्सने हाक मारली, तशी चालू लागली.