चरबीची चुगली

हळू बोला! मी मर रोगाचा जिवाणू बोलतोय, बुलढाण्याच्या एका कॉलेजातल्या काचनळीतून. डोळ्यांना दिसणार नाही एवढा मी, पण भीतीनं अर्धमेला झालोय. शेजारच्या नळीतले माझे भाऊ सकाळीच उकळून काढले.

मी जन्मलो मोताळ्याकडे, टोमॅटोच्या मुळाशी. अन्नपूर्णाबाई तिथे माहेरी निंदायला आल्या, स्वतःचं खुरपं घेऊन. दुसऱ्याच्या खुरप्यावर त्यांचा हात बसत नाही. त्या खुरप्याला चिकटून मी त्यांच्या वावरात आलो. बाई मोठ्या टापटिपीच्या. संध्याकाळी खुरपं हौदात खळखळून धुतलं. झालं! हौदाचं पाणी वांग्यांना, आणि आम्ही मुळांतून थेट झाडात. आत एवढी दाटी केली की पाणी वर चढेना. हिरवीगार झाडं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी सावरायची. चौथ्या दिवशी उठलीच नाहीत.

खापर फुटलं दिरावर, उत्तमरावांवर. रोपं त्यांनीच दिलेली, आणि त्यांच्याही शेतात चार झाडं सुकलेली.

“तुमच्या रोपानंच माह्यं वावर नासवलं, भाऊजी. माह्या घराचा उंबरठा चढू नका आता!”

ते खाली मान घालून गेले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? आळ दुसऱ्यावर गेला की आपण सुटलो.

पण बाईंची लेक सुचिता इथे शिकते. तिनं वांग्याचं खोड कापून ग्लासातल्या पाण्यात धरलं. दुधासारखी धार उतरली, त्यात मी होतो. काकांच्या झाडातलेही जिवाणू तिनं आणले, हौदातल्या गाळातलेही. सगळ्यांना एकच खाणं, एकच ऊब. कारण आमची जात ओळखतात चरबीवरून, आणि ती खाण्याप्रमाणे, थंडी-उन्हाप्रमाणे बदलते. ती लबाडी तिनं चालू दिली नाही. एवढं करूनही जो फरक उरतो, तो जातीचा. मग उकळून चरबी काढली, यंत्रात घातली. कागदावर प्रत्येकाच्या चरबीची शिखरं उमटली.

काकांकडच्यांची निराळी. वांग्यातल्यांची आणि हौदातल्यांची हुबेहूब सारखी. मेलो!

आत्ताच तिनं फोन लावला. “माय, काकाचा रोग येगळा निंघाला. आपला हौदातला हाय. तू खुरपं कुठी धुतं वं?”

“हौदात. काऊन?” बाईंच्या एकदम ध्यानात आलं. मग म्हणाल्या, “अवं, उरलेल्या वाफ्याले तेच पाणी सोडून राह्यली होती मी! थांब, मोटर बंद करू दे. अन् भाऊजीले फोन लाव. मले बोलू दे त्यायच्याशी.”

सुचितानं काकांना त्याच फोनवर जोडलं. बाईंना रडूच फुटलं. “चुकलं माह्यं, भाऊजी.”



“वहिनी, हौद उपसाले येतो मी,” उत्तमराव म्हणाले. “उंबरठा चढू ना?”

“या. चहा ठेवते.”

त्यांचं मिटलं. माझं काय? काम संपलं की नळ्या वाफेच्या कुकरात जातात. सुचिता त्या गोळा करतेय, तिचा हात माझ्यापर्यंत आलाय. अन्नपूर्णाबाई, खुरपं हौदाबाहेर धुवा हो, उकळत्या पाण्यानं धुवा. हे मीच सांगतोय. आता झाकण बसतंय, लपवून तरी काय करू?