पेटीशेजारची खुर्ची

"जागा अडवते नुसती मेली! रोज माझाच गुडघा फुटतो." मोठ्या सिस्टर आजही माझ्या पाठीशी वाकून पुटपुटल्या आणि गुडघा चोळत पुढे गेल्या.

मित्रांनो, खुर्चीला ऐकू कसं येतं, असं तुम्ही विचाराल. अहो, मला पाठ आहे, पाय आहेत, दोन हात आहेत. मग ऐकायलाच काय धाड भरली आहे?

मी एक जुनी, मागे कलणारी खुर्ची आहे. सुतारानं मला एका साहेबांसाठी घडवलं. साहेब निवृत्त झाले आणि मी या इस्पितळात आले. इवल्याशा, आजारी बाळांच्या विभागाबाहेर कितीतरी वर्षं मी उभी होते. तेव्हा आईबापांना आत प्रवेश नव्हता. ते काचेतून बघायचे आणि माझ्यावर बसून नखं कुरतडायचे. माझ्या उजव्या हातावर अजून ओरखडे आहेत.

मग नव्या डॉक्टरबाई आल्या. "आईबाप काय पाहुणे आहेत?" असं म्हणून त्यांनी आईबापांना आत घेतलं, आणि त्यांच्याबरोबर मलाही. आता आई माझ्यावर रेलते आणि बाळ तिच्या उघड्या छातीशी, झग्याच्या आत झोपतं. याला इथं 'कांगारू' म्हणतात. बाळाचा श्वास संथ झाला की सगळे खुर्चीचंही कौतुक करतात. श्रेय आईचं, हे मला कळतं. तरी मी फुगतेच.

पण एक आई काही केल्या बसेना.

तिची लेक सातव्या महिन्यातच जन्मली होती. तिसऱ्या दिवशी आईनं काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून बोट घातलं आणि लेकीच्या तळव्याला लावलं. तोच श्वासावर नजर ठेवणारं यंत्र बोंबलू लागलं! चटका बसावा तसा आईनं हात मागे घेतला. मोठ्या सिस्टर धावल्या, काहीतरी नीट केलं, "काही नाही, काही नाही" म्हणाल्या आणि पलीकडच्या पेटीकडे पळाल्या.

त्यानंतर ती रोज यायची. कोपरापर्यंत हात धुवायची, दुधाची बाटली द्यायची आणि पेटीपासून दोन हात लांब उभी राहायची.

"आज बसता ना?" सिस्टर विचारायच्या.

"उद्या. आज सर्दीसारखं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी अंग दुखायचं. बाबा मात्र हौसेनं बसले आणि लेकीच्या आधी स्वतःच घोरू लागले. सगळे हसले. आई हसली नाही. "हिला लळाच लागला नाही वाटतं," असं कुणीतरी कुजबुजलं. मित्रांनो, मला फार लागलं ते. कारण कुणी बघत नसताना ती माझा हात घट्ट धरून पेटीकडे एकटक बघायची. माझं एकच मागणं आहे. कुणी असं लांब उभं दिसलं, तर नावं ठेवू नका. आधी खुर्ची पुढे सरकवा आणि विचारा.

आज डॉक्टरबाईंनी सांगितलं, "चार दिवस वजन हललेलं नाही. आता आईची ऊब हवीच." सिस्टरनी मला पेटीला टेकवून ठेवलं. सासूबाई दहा मिनिटांसाठी आत आल्या होत्या.

"अगं, तुझीच लेक ना? मग लाजतेस काय?"

"लाजत नाही हो, आई." ती माझ्या कडेवर टेकली, पहिल्यांदाच. "मी हात लावला आणि तिचा श्वास थांबला. सगळ्यांना माहीत आहे. मला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मोठ्या सिस्टर हातातलं काम ठेवून, दुखऱ्या गुडघ्यावरच माझ्याजवळ खाली बसल्या.

"श्वास थांबलाच नव्हता, बाई. तुमचं बोट लागलं तशी तिनं लाथ झाडली आणि पायाची वायर सुटली, म्हणून यंत्र ओरडलं. वायरची पट्टी मी घाईत सैल लावली होती. मला तेव्हाच कळलं होतं, पण सांगायची लाज वाटली. चूक माझी होती."