सगळ्यांना एकाच ठोक्याला

मी कोपऱ्यातला संगणक बोलतोय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

अंडी उबवणाऱ्या एका केंद्रात मी पहाऱ्याला आहे. आत दोन दालनं, त्यांत कपाटाएवढी उबवणी यंत्रं, आणि बाहेर ऑफिसात मी. प्रत्येक यंत्राला सतत विचारायचं, ऊब किती, ओलावा किती, पंखा फिरतोय ना? उत्तर बिघडलेलं आलं की पडद्यावर लाल ओळ उमटवायची आणि भोंगा वाजवायचा.

मला बसवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंनी दोन गोष्टी नीट लावून दिल्या होत्या. सगळ्यांना एकदम विचारायचं नाही, थोड्या थोड्या अंतराने विचारायचं, म्हणजे माझ्या प्रोसेसरवर एकाच वेळी भार येत नाही. शिवाय प्रत्येक दालनातली उत्तरं एकाच जोडपेटीतून येतात. आधी त्या पेटीला विचारायचं. तीच गप्प असेल, तर तिच्यामागच्या यंत्रांना हाका मारत बसायचं नाही. पेटी बंद आहे, एवढंच सांगायचं. बाई शहाण्या होत्या. पण त्या गेल्या आणि भावोजी राहिले.

केंद्र दोघा भावांचं. थोरल्याची बायको अंडी सांभाळते, धाकटा ऑफिस. वहिनी त्याला भावोजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो, आदर म्हणून नव्हे. त्यांना अहवाल देखणा लागतो. प्रत्येक यंत्रासमोर वेगळी वेळ पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी सगळ्या तपासण्या मिनिटाच्या ठोक्यावर आणून ठेवल्या. एकदा पेटी बंद असताना मी ‘तपासले नाही’ असं प्रामाणिकपणे लिहिलं, तर मला कामचुकार म्हणाले आणि पेटीची अटच काढून टाकली. तेव्हापासून ठोका पडला की मी घामाघूम, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत रिकामा. माझा पंखा घोंघावू लागला, मी धापा टाकायला लागलो, की ते माझ्या डोक्यावर थाप मारत. असा त्यांचा उपचार.

दुसऱ्या दालनातली अंडी या वेळी पहिल्यांदाच पूर्णपणे वहिनींच्या हाती होती. पिल्लं नीट निघाली तर ते दालन कायमचं त्यांच्याकडे, असं घरात ठरलं होतं.

एका दुपारी भावोजींनी पहिल्या दालनात मोबाइल चार्जिंगला लावला. त्यासाठी त्यांनी जो प्लग काढला, तो जोडपेटीचा होता. तिकडून एकही उत्तर येईना. अट नव्हती, म्हणून मी एकेका यंत्राला हाक मारून वाट बघत राहिलो. ती वाट संपायच्या आत पुढचा ठोका पडे आणि नव्या हाका जुन्यांवर येऊन साचत. माझी सगळी ताकद त्यातच गेली. पडदा लालेलाल झाला. आणि तेव्हाच दुसऱ्या दालनातल्या एका यंत्राचा पंखा थांबला. त्याची तपासणी रांगेत कुठेतरी मागे अडकली होती. शेवटी ती खरी लाल ओळ उमटली, पण खोट्या ओळींच्या ढिगाखाली.

वहिनी धावल्या त्या पहिल्या दालनात. तिथे सगळं ठणठणीत. त्या दुसरीकडे पोहोचेपर्यंत ते यंत्र तापून गेलं होतं. त्यांनी एकेका अंड्यामागे दिवा धरून पाहिलं. आत काहीच हललं नाही.

संध्याकाळी भावोजींनी थोरल्या भावाला सांगितलं की या डबड्यात दमच नाही. वहिनींनी मोबाइलचा विषय काढला, तर म्हणाले, प्लग काय, सगळेच काढतात. मग वहिनी माझ्यासमोर बसल्या आणि वेळांचा रकाना वरून खालपर्यंत वाचला. सगळीकडे एकच वेळ.

“भावोजी, घरातले आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो, तर तुम्हाला कुणाचं ऐकू येईल?”

“मशीन आहे ते, वहिनी. त्याला काय कान आहेत?”

“त्याला नसतील. तुम्हाला आहेत ना.”

दालन मात्र गेलं. थोरल्या भावाने बायकोकडे न बघता ते धाकट्याच्या हाती दिलं.

आज नवा संगणक आलाय. भावोजी माझ्या पोटातलं वेळापत्रक जसंच्या तसं त्याच्यात उतरवतायत. वहिनी दारात उभ्या आहेत. त्यांचं सांगून झालंय.

माझी कीव करू नका. ती त्या अंड्यांची करा. आणि तुमच्या घरचं यंत्र मंदावलं, तर हात उगारण्याआधी तुम्हीच त्याला काय काय सांगून ठेवलंय ते एकदा वाचा.

नव्याचा पहिला ठोका पडला. त्याचा पंखा घोंघावत सुटला, आणि भावोजी खूश होऊन म्हणाले, “बघा, कसा जोरात चालतोय.”