फडक्याखालचं नाव

मुलींना डॉक्टरकीला घ्यायला लागून फार दिवस झाले नव्हते. त्यांची तोंडी परीक्षा असली की एडिनबराच्या त्या वैद्यकीय शाळेत बाईच्या शरीराच्या तक्त्याच्या खालच्या भागावर पांढरं फडकं टाचत. मुलींची लाज राखायची म्हणे! कसली लाज नि कसलं काय. याच पोरी उद्या बाळंतपणं करणार होत्या.

इशबेल रॅमसे तक्त्यासमोर उभी होती. नापास झालीस तर शिक्षण बंद, मुकाट्याने आपल्या लिननच्या दुकानात बसायचं, असं काकांनी बजावलं होतं.

डॉक्टर पिटकेर्न तक्त्यावर छडी टेकवत आणि ती नाव आणि त्याचा लॅटिनमधला मूळ अर्थ सांगे. गळ्याजवळचं हाड क्लॅव्हिकल, म्हणजे छोटी किल्ली. कातडीखाली हलणारा स्नायू मसल, म्हणजे छोटा उंदीर.

“शाब्बास. पास. या आता.”

“आणि फडक्याखालचं?”

“ते मुलींना माफ आहे, मिस रॅमसे.”

“माझ्याकडे येणाऱ्या बायका ते घरी ठेवून येणार आहेत का, सर?” असं म्हणून तिने फडकं सरळ ओढून काढलं.

पिटकेर्न लालबुंद झाले. “ठीक आहे. विचारतो. पण एक चूक झाली की नापास. नाव?”

“प्यूडेंडम.”

“अर्थ?”

“ज्याची लाज बाळगावी ते.” इशबेलचा आवाज चढला. “किल्लीसारखं दिसलं, किल्ली म्हटलं. उंदरासारखं दिसलं, उंदीर म्हटलं. इथे मात्र नाव ठेवणाऱ्याने डोळे मिटले आणि स्वतःची लाज आमच्या अंगाला चिकटवली! तुम्हीसुद्धा इथूनच आलात ना, सर?”

“पुरे! इथल्या मज्जातंतूचा मार्ग सांगा.”

तिने सुरुवात केली आणि मध्येच अडली. शाळेने हे मुलींना कधी शिकवलंच नव्हतं. जे काही येत होतं ते तिने आपलं आपण वाचलेलं.

“नापास,” पिटकेर्न म्हणाले.

बाहेर बाकावर पुढचा नंबर एफीचा होता. “काय गं, झालीस ना पास?”

“नापास. फडकं काढलं मी.”

“मेले गं बाई! म्हणजे आता मलाही विचारणार?”

“विचारणारच. सगळ्यांना विचारणार.”

“तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? आणि तुझे काका?”

“काकांनी दुकानाला दुसरी पोर बघावी. मी पुन्हा परीक्षेला बसणार.”

रडू येत होतं, पण ती रडली नाही. एफीच्या मांडीवरचं पुस्तक घेऊन तिने त्या मज्जातंतूचं पान काढलं आणि बंद दाराच्या आत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचायला लागली.