प्रोजेक्टरमध्ये अडकलेला प्रागचा पूल

मित्रांनो, तुमच्या तळहातावर सहज मावेल अशी मी एक काचेची स्लाइड. दोन पातळ काचा, त्यांच्यामध्ये रंगीत फिल्मचा तुकडा आणि भोवती प्लास्टिकची चौकट, एवढेच माझे शरीर. त्या तुकड्यावर युरोपातल्या प्राग शहराचा सहाशे वर्षांहून जुना दगडी पूल आहे. पुलाच्या तोंडाशी उंच बुरूज आहे आणि बुरुजाच्या पोटातून जाणारी कमान.

अचलपूरच्या आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी रसायनशास्त्र शिकायला प्रागला गेले होते. तिथली चर्च, मनोरे, जुने चौक यांचे त्यांनी फोटो काढले आणि परतल्यावर चोवीस स्लाइडांची पेटी प्रोजेक्टरसह शाळेला भेट दिली.

आम्हाला जपले ते भूगोलाच्या सुभद्रा मॅडमनी. त्या मला नेहमी कडेने धरत. मी पहिल्यांदा भिंतीवर उमटले, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हा तं आपला दुल्हा दरवाजाच दिसून राहिला."

"मंग उद्या टेप घेऊन जाऊ," मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग गावच्या त्या जुन्या दरवाजाचे दगड मोजून आला. पुढे दर वर्षी मला पाहिल्यावर मुले तिकडे जात. ती माझी सुखाची वर्षे होती.

मग एका एप्रिलमध्ये, मॅडमच्या निवृत्तीच्या महिन्यात, मी प्रोजेक्टरमध्ये असतानाच लोडशेडिंग झाले. दिवा विझला आणि त्याबरोबर आतला पंखाही थांबला. काच गरम राहिली, वारा मात्र नाही. माझी चौकट अर्धा मिलिमीटर वाकली असेल, पण खाचेत घट्ट बसायला तेवढे पुरे होते. चित्र सुलटे दिसावे म्हणून आम्हाला आत उलटे घालतात. मी तशीच, डोके खाली करून अडकले. शिपाई खुशालराव यांनी अंधारातच मशीन कपाटात ठेवले.

मॅडमकडून चार्ज घ्यायला सूर्यभान सर आले. त्यांनी पेटी मोजली.

"मॅडम, यादीत चोवीस हायेत. इथं तेवीसच भरून राहिल्या. मी सही कशी करू?"

"असंन कुठंतरी. घरी नेऊन मी काय करू त्याचं?"

"मॅडम काय पापड वाळू घालतीन तिच्यावर?" खुशालराव म्हणाले. कोणी हसले नाही.

प्रोजेक्टर यादीत वेगळ्या ओळीवर होता. तो एक होता, एकच भरला. त्याच्या आत कोणी पाहिले नाही. मी चार बोटांवर होते, पण मला बोलता येत नव्हते. सरांनी सही केली नाही. हिशेब लागेपर्यंत कोणी उघडू नये म्हणून कपाटाच्या कुलपावर कागदाची पट्टी आणि लाखेची मोहर लागली.

मित्रांनो, त्यानंतर तेरा वर्षे मी उजेड पाहिला नाही. फिल्मच्या एका कोपऱ्यावर बुरशी आली आणि पुलाखालच्या नदीवर हळूहळू पसरली. बाहेर वर्ग भरत. "युरोपच्या नकाशात नद्या दाखवा," असे शब्द पत्र्यातून ऐकू येत. एकदा खुशालराव कोणाला तरी सांगत होते, "मॅडमले गॅदरिंगचं आमंत्रण देऊन आलो. येत नाही म्हणे. तिथं गेली की लोक माह्या हाताकडे पाहतात म्हणे." ते ऐकून मला पहिल्यांदा वाटले, आपण तडकून गेलो असतो तर बरे. निदान तुकडे खाली पडले असते आणि कोणाला तरी सापडले असते.

यंदा आमच्या कपाटाची खोली संगणकांसाठी रिकामी करायची ठरली. सूर्यभान सर आता मुख्याध्यापक झाले होते. त्यांनी लाख फोडायला सांगितली. विज्ञानाच्या प्रणाली मॅडमनी भंगाराकडे निघालेला प्रोजेक्टर उचलला आणि सहज भिंगातून आत पाहिले.

"सर, याच्यात काहीतरी आहे."

"ओढून काढा ना मंग."

"ओढली तर फुटेल, सर." त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागवला, चार स्क्रू काढले, खाच सैल केली आणि मला अलगद बाहेर घेतले.

निरोप मिळताच परतवाड्याहून सुभद्रा मॅडम ऑटोने आल्या, तेव्हा वर्ग भरलेला होता. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला कडेने धरून खिडकीच्या उजेडात पाहिले.

"माह्यं चुकलं, मॅडम," सूर्यभान सर म्हणाले. "मशीन उघडून पाहाले पाहिजे होतं. आता चोवीस भरल्या, सही करतो. नवीन कुलूप आणलं हाय."

"कुलूप राहू द्या. पोरायले पाहू द्या."

"हातातून पडून फुटली तं?"

"फुटली तं फुटली म्हणून लिहा. हरवली म्हणून लिहू नका."

सरांनी कुलूप टेबलावर ठेवले. मॅडमनी मला समोरच्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिले.

मित्रांनो, मी अजून त्याच कपाटात राहते, पण शनिवारी बाहेर येते. माझ्यावर आता बोटांचे ठसे आहेत, एक बारीक चरादेखील आहे. तुमच्याही शाळेत एखादे बंद कपाट असेल. त्याची किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. उत्तर मिळाले नाही, तर पुन्हा विचारा. आत कोणीतरी ऐकत असेल.