सरक, इथं मी बसलेय

वस्तीत तिला सगळे अर्जताई म्हणत. कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल मांडून बसणारी ही बाई आपल्या छोट्याशा समाजासाठी इतके अर्ज करी, की ती कचेरीच्या दारात दिसली की कारकुनांना जेवणाची सुट्टी आठवे. तिच्याच चिकाटीमुळे दवाखान्यात त्यांची भाषा समजणारी एक नर्स आली होती. शाळेत ती भाषा बोलल्याबद्दल मुलांना वर्गाबाहेर उभं करणंही बंद झालं होतं.

फक्त ती भाषा तिला स्वतःला येत नव्हती.

पोरीनं पुढे जायचं तर घरात सरकारी भाषाच बोलायची, असं तिच्या वडिलांनी ठरवलं होतं. त्यामुळे तिला 'जेवायला ये' आणि 'गप्प बस' एवढंच समजे. म्हाताऱ्यांच्या बैठकीत ती गंभीर चेहऱ्यानं मान डोलवत बसे. असंच डोलवता डोलवता ती एकदा अंत्यविधी समितीची चिटणीस झाली. हे तिला लोक अभिनंदन करायला घरी आले तेव्हा कळलं.

मग त्या फेलोशिपची जाहिरात आली. अल्पसंख्याक समाजांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांना परदेशात प्रशिक्षण मिळणार होतं. तिचा अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला. अर्जांत तिचा हात कोण धरणार! पण पुढचा मेल वाचताना नवऱ्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"अगं, मुलाखतीत थोडा वेळ तुमच्या भाषेत बोलणार म्हणे. समितीत तुमच्यातलेच एक गृहस्थ आहेत."

अर्जताईनं फोन हिसकावून तो मेल स्वतः वाचला.

वस्तीत कुणाकडे शिकायला जावं तर नाक कापलं जाणार. नवरा सोडला तर गुपित ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती, तिची आत्या. आत्याचं इस्त्रीचं दुकान होतं आणि जीभ इस्त्रीपेक्षा गरम होती.

"शिकवते की," आत्या म्हणाली. "पण हात रिकामे ठेवायचे नाहीत. मी इस्त्री करते, तू घड्या घाल."

शिकवणी सुरू झाली. पण आत्या ती भाषा गिऱ्हाइकांना झापायला आणि स्वतःशी कुरकुरायलाच वापरत असे. अर्जताईनं विचारलं, "आत्या, 'हक्क'ला काय म्हणायचं?"

आत्यानं कॉलरवर पाणी शिंपडलं. "असला शब्द नाही आपल्यात."

"मग जागेवरून भांडण झालं की काय म्हणता?"

"सरक, इथं मी बसलेय."

अर्जताईनं ते घोकलं. "आणि 'भेदभाव'?"

"मी काय सावत्र आहे?"

"संघटना?"

"सगळ्याजणी आलोय, दार उघड."

"शाश्वत विकास?"

"ते खायचं असतं की अंगावर घालायचं?"

मुलाखत फोनवर, व्हिडिओ कॉलनं होती आणि इंटरनेट बरं चाले ते आत्याच्या दुकानातच. कपड्यांच्या गठ्ठ्याला फोन टेकवून अर्जताई ताठ बसली. मागे आत्या इस्त्री फिरवत होती. "मी तोंड उघडणार नाही," असं तिनं कबूल केलं होतं.

समितीच्या अध्यक्षबाईंचे प्रश्न छान पार पडले. मग ते वयस्कर गृहस्थ पुढे झुकले आणि त्यांनी भारदस्त, पुस्तकी भाषेत एक लांबलचक प्रश्न विचारला. अर्जताईला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिला घाम फुटला, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडात जे पाठ असतं तेच येतं.

"जरा मोठ्यानं बोल," ती त्या भाषेत ठणकावून म्हणाली, "तोंडात काय बटाटा धरलायस?"

पडद्यावरचे गृहस्थ असे हसले, की त्यांना डोळे पुसावे लागले. "माझी आई अस्सं बोलायची," ते म्हणाले आणि त्यांनी सोप्या शब्दांत विचारलं, "तू काम काय करतेस?"

"लोक आम्हाला सावत्र समजतात. मी जाऊन सांगते, सरक, इथं आम्ही बसलेय..."

"बसलोय!" मागून आत्या कडाडली. "अनेकजण आहात ना? बसलोय!"

झालं! आत्या फोनसमोर आली. गृहस्थांनी तिला गाव विचारलं, तिनं त्यांच्या आईचं माहेर विचारलं आणि दोघं एका नदीच्या नावावरून कडाकडा भांडू लागली. टेबलावर कुणाचा तरी शर्ट जळला. अध्यक्षबाई टिपणं घ्यायचं विसरून नुसत्या बघत राहिल्या.

शेवटी अर्जताईनं फोन आपल्याकडे ओढला. "मॅडम, खरं सांगते. मला ही भाषा येत नाही. वडील वाईट नव्हते, त्यांना भीती वाटली. माझ्याकडून भाषा अशी निसटली. दुसऱ्या कुणाच्या पोरीकडून निसटू नये म्हणून मी भांडते."

फोन ठेवल्यावर ती रडलीही आणि शर्टाच्या मालकाची समजूतही तिनंच काढली.

निवड झाली. आत्या म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला सांग, नदीचं नाव मीच बरोबर सांगितलं होतं."

अर्जताई परदेशी गेल्यावर घड्या घालायला आत्यानं जावयाला, म्हणजे अर्जताईच्या नवऱ्याला धरलं. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यातच त्यानं फोनवर त्या भाषेत एक भलंमोठं वाक्य झोकात म्हणून दाखवलं.

"म्हणजे काय?" अर्जताईनं विचारलं.

"ते नाही ठाऊक. पण आत्या हे म्हणाल्या की गिऱ्हाईक मुकाट्यानं रांगेत उभं राहतं."